डिलीट झाले, पण डिस्क भरलेलीच

प्रति,
मा. सचिव, माहिती तंत्रज्ञान विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : जुनी स्कॅन केलेली कागदपत्रे काढून टाकल्यावर डेटाबेसमधली जागा खरोखर परत मिळवण्याबाबत

महोदय,

राज्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या सेतू केंद्रात सकाळी अकराच्या सुमारास उभे राहिले, तर एक काम अखंड चाललेले दिसते. रेशनकार्ड, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, तलाठ्याचा अहवाल, विजेचे बिल असा एकेक कागद स्कॅनरवर पालथा पडतो, त्याची पीडीएफ होते आणि ती अर्जाला जोडली जाते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला, ‘आपले सरकार’वरून सेवा मिळू लागल्या, आणि कागद जोडण्याचे हे काम राज्यभर पसरले. नोकरभरती, प्रवेशप्रक्रिया, शिष्यवृत्ती, मालमत्ता कराच्या हरकती यांपैकी कुठलीही प्रणाली घ्या, अर्जाचा मजकूर चार ओळींचा आणि सोबतचे फोटो, सह्या, पीडीएफ त्याच्या शेकडो पट जड.

उत्पन्नाचा दाखला ठरावीक मुदतीचा असतो. मुदत संपते, अर्जदार पुढच्या वेळी सगळे कागद नव्याने जोडतो, आणि जुन्या अर्जाच्या पीडीएफ डेटाबेसच्या पोटात तशाच राहतात. काही वर्षांनी डिस्क भरत आल्याचा इशारा येतो. बैठक होते, अमुक तारखेआधीची कागदपत्रे काढून टाकायचे ठरते, पुरवठादाराचा माणूस शनिवारी रात्री डिलीटची आज्ञा देतो. सोमवारी येऊन बघावे, तर डिस्कचा आकडा जागचा हललेला नसतो. कधी कधी तो थोडा वाढलेलाही असतो, कारण डिलीट करण्याची नोंदसुद्धा डेटाबेस आपल्या लॉगमध्ये लिहून ठेवतो. मग नव्या स्टोरेजच्या खरेदीचा प्रस्ताव तयार होतो.

हे पत्र लिहिणारा डेटाबेस सांभाळण्याच्या कामात आहे. अशी सोमवारची सकाळ या व्यवसायात सगळ्यांच्या ओळखीची आहे. कोणत्या सरकारी प्रणालीखाली कोणता डेटाबेस आहे, हा या पत्राचा विषय नाही. विषय एवढाच की काढून टाकणे आणि जागा परत घेणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि साफसफाईच्या आदेशांत सहसा पहिल्याचाच उल्लेख असतो.

उदाहरणासाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस घेऊ. तो मुक्तस्रोत आहे, केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण आणले, आणि सरकारी कामकाजात तो चांगला रुळलेला आहे. त्याच्या वागण्याचे मूळ कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात आहे. १९८६ च्या सुमारास मायकेल स्टोनब्रेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोस्टग्रेसची आखणी केली, तेव्हा एक धाडसी निर्णय घेतला होता : जुन्या नोंदीवर नवी नोंद कधीच गिरवायची नाही. बदल झाला की नवी प्रत लिहायची, जुनी तिथेच ठेवायची. म्हणजे गेल्या वर्षी अमुक तारखेला टेबल कसे दिसत होते, हेही विचारता यावे. जुन्या प्रती पुढे ‘व्हॅक्यूम क्लीनर’ नावाची प्रक्रिया उचलून ऑप्टिकल डिस्कवर नेऊन ठेवील, अशी कल्पना होती. भूतकाळात डोकावण्याची ती सोय नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात काढून टाकण्यात आली. न गिरवण्याची पद्धत आणि व्हॅक्यूम हे नाव मात्र राहिले.

त्यामुळे आजही पोस्टग्रेसमध्ये डिलीट म्हणजे ओळीवर ‘ही आता गेली’ अशी खूण. ओळ लगेच पुसता येत नाही, कारण त्याच क्षणी दुसरा कोणी तीच ओळ वाचत असू शकतो आणि त्याला त्याच्या सुरुवातीच्या क्षणाचे चित्र शेवटपर्यंत दिसले पाहिजे. नंतर व्हॅक्यूम येतो, कोणालाच नको असलेल्या ओळींची जागा हेरतो आणि ‘इथे नवे लिहायला हरकत नाही’ अशी नोंद करतो. २००८ च्या ८.३ आवृत्तीपासून ऑटोव्हॅक्यूम आपसूक चालू असतो. त्याच आवृत्तीत अद्ययावत केलेल्या ओळींची जागा चटकन पुन्हा वापरणारे ‘हॉट’ हे तंत्र आले. ते प्रामुख्याने एका पुणेकर अभियंत्याने लिहिले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही, असायला हवी.

पण व्हॅक्यूमने मोकळी केलेली जागा त्या टेबलाच्या फायलीतच राहते. ऑपरेटिंग सिस्टीमला ती परत मिळत नाही. याला एकच अपवाद आहे : फायलीच्या अगदी शेवटची पाने पूर्ण रिकामी असतील, तर व्हॅक्यूम शेपूट कापून टाकतो. गोम इथेच आहे. फाईल सुरुवातीकडून भरत जाते, म्हणजे जुने कागद पुढच्या पानांवर आणि नवे कागद शेवटच्या पानांवर. साफसफाईत आपण जुने काढतो. रिकामी होतात ती पुढची पाने. शेपटावर चालू वर्षाचे कागद बसलेले असतात आणि फाईल तसूभर आखूड होत नाही.

हे साध्या लॅपटॉपवर करून बघता येते. एक टेबल करावे, त्यात एक क्रमांक आणि एक बायनरी रकाना. प्रत्येकी १० केबीच्या एक लाख ओळी भराव्यात. बाइट यादृच्छिक घ्यावेत, नाहीतर पोस्टग्रेस ते दाबून लहान करतो आणि प्रयोग फसतो. आता नुसत्या टेबलाचा आकार विचारला, तर उत्तर येते पाच-सहा एमबी. नवखा माणूस इथेच गोंधळतो, कारण डिस्कवरून तर एक जीबीहून जास्त गेलेले असतात. पोस्टग्रेसचे पान ८ केबीचे. सुमारे २ केबीपेक्षा मोठी ओळ झाली की तो जड रकान्याचे तुकडे करून ते टोस्ट नावाच्या सोबतच्या टेबलात ठेवतो, आणि मूळ टेबलात उरतो तो फक्त पत्ता. टोस्टसकट एकूण आकार विचारण्याची आज्ञा वेगळी आहे. ती दिली की खरा आकडा दिसतो.

मग पहिल्या नव्वद हजार ओळी डिलीट कराव्यात. मोजल्या तर दहा हजार उरल्या. आकार तोच. व्हॅक्यूम चालवावा. आकार तोच. आता टेबल नव्याने करून पुन्हा एक लाख ओळी भराव्यात आणि या वेळी शेवटच्या नव्वद हजार काढाव्यात. व्हॅक्यूम चालवला की आकार सुमारे एक दशांशावर येतो. दोन्ही वेळा गेलेल्या ओळी सारख्याच होत्या, फरक त्यांच्या जागेचा. आपल्या विभागातल्या अधिकाऱ्यांसमोर एकदा हा प्रयोग व्हावा, असे मनापासून वाटते. त्याला अर्धा तासही लागत नाही, आणि त्यानंतर साफसफाईच्या आदेशाचा मसुदा वेगळा लिहिला जाईल.

जागा परत घ्यायचीच असेल, तर मार्ग आहेत. ‘व्हॅक्यूम फुल’ ही आज्ञा टेबलातल्या जिवंत ओळी नव्या फायलीत नीट लावून लिहिते आणि जुनी फाईल टाकून देते. टोस्टचाही त्यात समावेश असतो. फक्त ती चालू असेपर्यंत त्या टेबलाला पूर्ण कुलूप असते. लिहिणे सोडाच, वाचणेही बंद. शिवाय नवी फाईल पुरी होईपर्यंत जुनीही असतेच, म्हणजे उरलेल्या डेटाएवढी मोकळी जागा आधी हाताशी लागते. ९६ टक्के भरलेल्या डिस्कवर ही आज्ञा दिली, तर जागा करायला निघालेला माणूस जागेअभावीच अडकतो. लॉग त्याच डिस्कवर असेल आणि डिस्क काठोकाठ भरली, तर सर्व्हरच बंद पडतो. म्हणून साफसफाई डिस्क भरेपर्यंत लांबवणे हाच सगळ्यात महागडा निर्णय ठरतो. डिस्क साठ-सत्तर टक्क्यांवर असताना हेच काम एका रात्रीत, शांतपणे होते.

पोर्टल बंद ठेवणे परवडत नसेल तर ‘पीजी रिपॅक’ नावाचे मुक्तस्रोत साधन आहे. जपानच्या एनटीटीमध्ये तयार झालेल्या ‘पीजी रिऑर्ग’मधून ते पुढे आले. ते शेजारी नवे टेबल बांधते, दरम्यान होणारे बदल ट्रिगरने टिपून ठेवते, शेवटी ते बदल नव्या टेबलात उतरवते आणि दोन टेबलांची अदलाबदल करते. पूर्ण कुलूप लागते ते सुरुवातीला आणि शेवटी, थोड्या वेळापुरते. नवी प्रत दुसऱ्या डिस्कवर बांधायला सांगता येते. मात्र टेबलाला प्रायमरी की किंवा रिकामी न राहणारी युनिक की हवी. घाईत उभारलेल्या प्रणालींत कागदपत्रांच्या टेबलाला कीच नाही, असेही बघायला मिळते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जागा परत घेण्याची गरज दर वेळी असतेच असे नाही. दर वर्षी साधारण तेवढेच नवे कागद येणार असतील, तर व्हॅक्यूमने मोकळी केलेली पुढची पाने त्यांनीच भरतात आणि फाईल वाढायची थांबते. अशा ठिकाणी व्हॅक्यूम फुल चालवणे म्हणजे विनाकारण कुलूप लावणे. काही महिन्यांत फाईल पुन्हा तेवढीच होणार असते. एखादी योजना बंद झाली, भरती संपली, कागद वेगळ्या स्टोरेजवर हलवले, अशा वेळी मात्र रिकामी जागा रिकामीच राहणार असते आणि ती परत घ्यायलाच हवी. हा फरक पुरवठादाराने लेखी मांडला पाहिजे आणि विभागाने विचारला पाहिजे.

व्हॅक्यूमलाही अडवणाऱ्या गोष्टी असतात. कोणी सकाळपासून उघडा ठेवलेला एखादा ट्रान्झॅक्शन, दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीसाठी उघडलेला पण विसरला गेलेला रेप्लिकेशन स्लॉट, यांच्यामुळे खूण केलेल्या ओळी ‘अजून कोणाला तरी हव्यात’ असे धरले जाते आणि त्या हलत नाहीत. साफसफाईच्या रात्री आधी हे बघायचे असते.

आणखी एक जागा जुन्या प्रणालींत हमखास सापडते. पोस्टग्रेसमध्ये फायली ठेवायची दुसरी, जुनी पद्धत आहे : लार्ज ऑब्जेक्ट. तिथे पीडीएफ एका सामाईक सिस्टीम टेबलात तुकड्यांनी जाते आणि अर्जाच्या ओळीत तिचा फक्त क्रमांक राहतो. अर्जाची ओळ डिलीट केली, तरी पीडीएफला धक्का लागत नाही. ती बेवारस होऊन पडून राहते. कुठल्याही अर्जाशी नाते नसलेले असे हजारो कागद वर्षानुवर्षे साठतात. ते शोधून काढणारे ‘व्हॅक्यूम एलओ’ हे साधन पोस्टग्रेससोबतच येते. ते चालवल्यावरही सिस्टीम टेबलाची फाईल आखडायला व्हॅक्यूम फुलच लागतो, कारण पीजी रिपॅक सिस्टीम टेबलांना हात लावत नाही. रकाना काढून टाकण्याचीही तीच गत. ‘फोटोचा रकाना काढला, आता जागा होईल’ असे पुष्कळांना वाटते, पण पोस्टग्रेस रकाना नुसता लपवतो. बाइट जागच्या जागी राहतात.

इतर डेटाबेस वेगळे वागतात, पण गोष्ट तीच. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत ५.६ आवृत्तीपूर्वी सगळी टेबले डीफॉल्टने एकाच सामाईक फायलीत जात, आणि ती फाईल लहान करायची तर सगळा डेटा बाहेर काढून पुन्हा भरावा लागे. त्यानंतर प्रत्येक टेबलाची फाईल वेगळी झाली, म्हणून ‘ऑप्टिमाइझ टेबल’ने जागा परत मिळते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये श्रिंक आहे, पण ते शेवटची पाने उचलून पुढच्या मोकळ्या जागी टाकते. त्यामुळे इंडेक्स विस्कटतात, आणि पीडीएफसारख्या जड रकान्यांच्या पानांवर ते कासवगतीने चालते. छोट्या कार्यालयांत त्याची मोफत एक्सप्रेस आवृत्ती असते. २००८ आर२ पासून २०२२ पर्यंतच्या एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. स्कॅन केलेल्या कागदांनी ती बघता बघता गाठली जाते आणि नवा अर्ज घेणेच थांबते. ओरॅकलमध्ये डिलीटने टेबलाची भरतीरेषा, म्हणजे आजवर वापरलेल्या जागेची हद्द, खाली येत नाही, त्यासाठी वेगळी आज्ञा लागते.

फुगलेल्या फायलीचा खर्च एकदाच होत नाही. पोस्टग्रेसचा फिजिकल बॅकअप रिकाम्या पानांसकट सगळी फाईल उचलतो. स्ट्रीमिंग रेप्लिका, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर सतत जुळती ठेवलेली प्रत, हुबेहूब तेवढीच फुगलेली असते. आपत्तीच्या वेळी वापरायचे दुसऱ्या शहरातले केंद्रही तसेच. मुख्य सर्व्हरवरच्या प्रत्येक वाया गेलेल्या जीबीमागे आणखी दोन-तीन ठिकाणी तेवढीच जागा विकत घेतलेली असते, आणि ती जनतेच्या पैशातून.

पैशापेक्षाही मोठा प्रश्न विश्वासाचा आहे. व्हॅक्यूमने मोकळ्या केलेल्या पानावर जुने बाइट, वर नवे लिहिले जाईपर्यंत, पडून असतात. स्क्रीनवरून गेलेला आधारचा फोटो डिस्कची प्रत हाती लागलेल्या जाणकाराला वाचता येऊ शकतो. गावोगाव सर्वेक्षण करणारी मोबाइल ॲप बहुधा एसक्यूलाइट वापरतात. त्यातही खोडलेल्या नोंदीची पाने फायलीत मोकळी म्हणून राहतात. पुसायची असतील तर तशी सेटिंग लावावी लागते किंवा व्हॅक्यूम चालवावा लागतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने, हेतू संपल्यावर माहिती मिटवण्याचे बंधन संस्थांवर घातले आहे. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने राज्यसंस्थेला त्या बंधनातून सूट दिली आहे. म्हणजे सहकारी बँकेला किंवा खासगी महाविद्यालयाला जे करावे लागेल, ते शासनाला कायद्याने करावे लागणार नाही. म्हणूनच हे पत्र आपल्याला आहे. ज्या माणसाला दाखल्यासाठी कागद द्यायचे की नाही हे ठरवायची मुभाच नव्हती, त्याचे कागद काम झाल्यावर खरोखर नाहीसे होतील, हे शासनाने स्वतः होऊन पाहिले पाहिजे.

आपल्या कार्यालयांना ही शिस्त नवी नाही. सहा गठ्ठा पद्धतीत नष्ट करायच्या ‘ड’ वर्गाच्या कागदांचा गठ्ठा वेगळा बांधला जातो, आणि तो बाहेर गेला की कपाटाचा खण रिकामा झालेला साहेबांना डोळ्यांनी दिसतो. अभिलेख नष्ट करताना ठरलेली पद्धत पाळायला महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. ‘आपले अभिलेख’वर दिसणारे जुने फेरफार आणि सातबारे कायम ठेवायचे, त्यांना कोणी हात लावायचा नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे. डेटाबेसमध्ये मात्र फेरफाराची प्रतिमा आणि तीन वर्षांपूर्वीचे विजेचे बिल पुष्कळदा एकाच टेबलात, एकाच रकान्यात, वर्गाची कसलीही खूण नसताना शेजारी शेजारी बसलेले असतात. मग साफसफाईच्या वेळी काय काढायचे, याचा निर्णय पुरवठादाराच्या माणसाला तारखेवरून घ्यावा लागतो. हे धोक्याचे आहे.

तेव्हा मागणे आदेशापेक्षा रचनेबद्दल जास्त आहे. कागद आत येतानाच त्याचा वर्ग आणि मुदत त्याच्यासोबत लिहिली जावी. मुदतीचे कागद वर्षवार पार्टिशनमध्ये, म्हणजे एकाच टेबलाच्या वेगवेगळ्या फायलींच्या भागांत, जावेत. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये ही सोय थेट आहे. मुदत संपलेल्या वर्षाचे पार्टिशन ड्रॉप केले की त्याची फाईलच जाते आणि डिस्कवर जागा काही क्षणांत परत येते. ना व्हॅक्यूम फुल, ना रात्रभर चालणारे डिलीट. पण पार्टिशन केलेल्या टेबलाच्या प्रायमरी कीमध्ये पार्टिशनचा रकाना असावाच लागतो, म्हणून हे पहिल्या दिवशी ठरवायचे असते. चालू प्रणालीत नंतर घुसवायला गेले, तर अर्ज क्रमांकापासून सगळे बदलावे लागते.

मोठ्या फायली डेटाबेसबाहेर ठेवाव्यात की आत, हाही प्रश्न निविदेआधी विचारावा. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मोजून पाहिले होते : २५६ केबीहून लहान वस्तू डेटाबेसमध्ये बऱ्या, १ एमबीहून मोठ्या फाईल सिस्टीमवर बऱ्या, मधल्या आकारांचे उत्तर वापरावर अवलंबून. यंत्रे तेव्हापासून बदलली, तरी विचारायचा प्रश्न तोच आहे. सही आणि फोटो आत राहू द्यावेत, पन्नास पानांचा स्कॅन बाहेर जावा, हे आजही समंजसपणाचे आहे. बाहेर ठेवलेली फाईल काढली की जागा लगेच मिळते. फक्त डेटाबेसमधला पत्ता आणि बाहेरची फाईल यांचा मेळ नियमित तपासत राहावे लागते.

आणि जिथे जुन्या प्रणाली आहेत तशाच चालवायच्या आहेत, तिथे देखभालीच्या करारात एक कलम असावे. कागदपत्रे काढल्याचा अहवाल ‘इतक्या ओळी डिलीट झाल्या’ एवढ्यावर स्वीकारू नये. त्यात साफसफाईच्या आधीचा आणि नंतरचा टोस्टसह एकूण आकार, ऑपरेटिंग सिस्टीमला दिसणारी मोकळी जागा, बेवारस लार्ज ऑब्जेक्टची संख्या, आणि जागा परत घेतली नसेल तर ती का घेतली नाही याचे लेखी कारण असावे. रेप्लिका आणि बॅकअपमधून ते कागद कोणत्या तारखेला जातील, तेही लिहावे. पुढचा स्टोरेज खरेदीचा प्रस्ताव टेबलावर येईल, तेव्हा त्याला हा अहवाल जोडलेला आहे का, एवढे आपण बघावे, ही विनंती.

आपला,
सरकारी कागदपत्रांचे डेटाबेस सांभाळणारा एक डीबीए